गाठीच्या खालचं झाड

ताईंचा आवाज ज्यानं एकदा ऐकला, तो विसरला नाही. गंमत अशी, की ज्या असंख्य माणसांनी तो ऐकला त्यांतल्या जवळजवळ कुणीच ताईंना पाहिलेलं नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजच्या लांबट खोलीत, उंच स्टुलावर बसून, कानांवर हेडफोन चढवून आणि समोरच्या भोकाभोकांच्या फळीत वायरींची टोकं खुपसत त्यांनी सारी नोकरी काढली. "थांबा, जोडून देते," एवढंच त्यांचं वाक्य. पण ते असं म्हणत, की पलीकडच्या रागावलेल्या माणसालाही वाटावं, आता सगळं नीट होणार. मैत्रिणींनी त्यांचं नावच 'जोडून देते' ठेवलं होतं. वायरीच्या दोन टोकांना माणसं लग्नं ठरवत, भांडत, कुणी गेल्याची बातमी देत. ताई टोक खुपसून बाजूला होत. नाटकात विंगेतल्या अंधारात उभा राहून दुसऱ्यांना वाक्यं पुरवणारा एक माणूस असतो, ज्याच्या स्वतःच्या वाट्याला एकही वाक्य आलेलं नसतं. त्याच्यावर माझं फार प्रेम. ताई त्याच जातीच्या.

घरातही त्यांना बोलायची वेळ फारशी आली नव्हती. समोरच्याला लागेल असं बोलायचं नाही, ही आईपासूनची शिस्त. आमटी खारट झाली, तर मुकाट्यानं पाणी जास्त प्यायचं. एकदा आईच्या हातून वडिलांच्या नव्या शर्टाला पाठीवर इस्त्रीचा डाग पडला. वडिलांनी शर्ट टाकला नाही आणि आईला काही म्हटलंही नाही. ते ऐन उन्हाळ्यात वर स्वेटर चढवून ऑफिसला जात राहिले. आईला ते कळत होतं, आई काही बोलली नाही. असं घर.

त्या घरात एकच बडबड्या जन्माला आला, ताईंचा धाकटा भाऊ. दुकानांच्या पाट्या रंगवायचा म्हणून गल्ली त्याला पेंटर म्हणे, आणि ऐकून ऐकून ताईही पेंटरच म्हणू लागल्या. हात सोन्याचा, तब्येत नाजूक आणि कौतुकाची भूक मात्र पैलवानाची. ब्रश धुऊन झाला की दोन पावलं मागं सरून तो विचारायचा, "कसं?" आणि टाळीची वाट पाहत उभा राहायचा. एकदा न्हाव्याच्या दुकानावर त्यानं भल्यामोठ्या लाल अक्षरांत लिहिलं, 'केशकर्तनलाय'. ताई कामावर जाताना थांबल्या, त्यांनी ते वाचलं, आणि म्हणाल्या, "लाल काय खुललाय रे." पाटी तशीच वर चढली. सगळ्या गल्लीनं पोट धरून हसून घेतलं, तेव्हा कुठं पेंटरला कळलं.

"ताई, तुझ्या नजरेतून कसं सुटलं?" त्यानं विचारलं.

"घाईत होते रे," ताई म्हणाल्या.

पेंटर हसला, सगळ्यांपेक्षा जास्त हसला. गोष्ट तिथं संपली असं सगळ्यांना वाटलं.

पुढं पाट्या यंत्रावर छापून येऊ लागल्या आणि पेंटरचे ब्रश डब्यात वाळले. बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. तो पत्र्याची पेटी घेऊन ताईंकडं राहायला आला. ताईंनी लग्न केलं नव्हतं. का, ते त्यांना कुणी विचारलं नाही. विचारून लागलं असतं ना.

ताईंच्या निवृत्तीनंतर मात्र त्यांना बोलायला माणसं मिळाली, ती घरामागच्या चिंचोळ्या जागेत. न्हाणीघरापासून मागच्या भिंतीपर्यंत जेवढी माती होती, तेवढी त्यांनी भरून टाकली. पेरू होता, लिंबू होतं, भिंतीपाशी जास्वंद आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेली केळ. दाराजवळ जाईचा वेल, जो कुठलीही काठी दिली तरी कुरकुर करी. मध्यभागी एक पपई होती. तिला ताईंनी खतपाणी घालून वाढवली, आणि फुलं आली तेव्हा ती लांब देठांवर लोंबणाऱ्या झुपक्यांची निघाली. म्हणजे झाड नर, फळाचं नाव नको. शेजारचा शिंपी कुंपणावरून म्हणाला, "ताई, जावई घरी आणलात की हो. नुसता उंच वाढणार आणि काही कामाचा नाही." ताई बागेत मोठ्यानं हसत. त्यांचं हसू गल्लीनं तिथंच पहिल्यांदा ऐकलं.

आणि एका कोपऱ्यात, तीन विटांच्या आळ्यात, ते कलम होतं.

ताई आणि पेंटर लहानाची मोठी झाली त्या भाड्याच्या घराच्या परसात आंब्याचं एक झाड होतं. आईनं कधीतरी खाऊन फेकलेल्या कोयीतून उगवलेलं. त्या आंब्याला जात नाही, बाजारात नाव नाही, जगात दुसरं झाड नाही. फळ लहान, साल जाड, आणि पिकलं तरी बाहेरून हिरवंगारच. कच्चा समजून लोक हात लावत नसत. कापावा तर आत शेंदरी, आणि असा गोड की बोटं चाटत बसावं. आई त्याला 'लबाड' म्हणे. सगळं घर म्हणे, लबाड उतरायला आला, लबाड संपला. मालकानं ती जागा विकली आणि तिथं इमारत येणार असं कळलं, तेव्हा आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. ताई जाऊन त्या झाडाच्या कोवळ्या काड्या ओल्या फडक्यात बांधून घेऊन आल्या. कुंड्यांत कुठल्याकुठल्या कोयींची रोपं त्यांनी आधीच वाढवून ठेवली होती. दाढीच्या पात्यानं रोपाचा शेंडा उडवायचा, बुंध्याला चीर द्यायची, तासलेली काडी तिच्यात बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीनं आवळून बांधायची; जोड धरला की तिथं गाठ येते. खाली खुंट, म्हणजे दुसऱ्याच कुणाचं मूळ, वर आईचा आंबा. जन्मभर केलं तेच काम, फक्त इथं वायरी नव्हत्या. पट्टी आवळताना ताई पुटपुटत, "थांबा, जोडून देते."

सगळ्या कुंड्यांतून एकच कलम जगलं. तोवर तिकडचं झाड पडलं होतं आणि त्या जागेवर मोटारी उभ्या राहत होत्या. आता लबाड जगात उरला होता तो ताईंच्या त्या तीन विटांच्या आळ्यात. कलम छातीइतकं वाढलं. नवी पालवी यायची ती तांब्यासारखी लाल. पान चुरगळलं की आईच्या लोणच्याच्या बरणीचा वास यायचा. पेंटर रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभा राही आणि म्हणे, "लबाडा, लवकर कर. माझ्या छातीतल्या पंपाचा भरवसा नाही."

अशात ताई न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. थोरल्या बहिणीच्या मुलीनं, भाचीनं, येऊन त्यांना आपल्या गावी नेलं, ऑपरेशन तिकडंच झालं आणि सबंध उन्हाळा त्या भाचीकडं पलंगावर होत्या. बाग पेंटरच्या हाती. त्यानं आजवर झाडं फक्त पाट्यांवर काढली होती. तो रोज फोन करून बागेची हालहवाल सांगे. एकदा जास्वंदीच्या फांद्या सुकल्याचं त्यानं सांगितलं. ताई वेदनेनं आणि औषधांनी गुंगल्या होत्या. म्हणाल्या, "वाळकं दिसेल ते बेधडक काप. हिरवं फुटेल ते ठेव." तिकडून पेंटर म्हणाला, "जशी आज्ञा."

त्या उन्हाळ्यात कलमाचीही पानं गळाली. रुसलं होतं, एवढंच. ताई घरी असत्या तर त्यांनी त्याच्यावर जुनी साडी बांधून सावली केली असती आणि गप्प बसल्या असत्या. पेंटरनं पाहिलं, वर नुसती काटकी, आणि खाली गाठीच्या खालून, जमिनीलगत, दोन कोंब हातभर तरारून वर आलेले. ताईंचा शब्द त्याला पाठ होता. वाळकं काप, हिरवं ठेव. त्यानं कात्री घेतली आणि गाठीच्या खाली कापलं.

ताई काठी टेकत घरी परतल्या. पेंटर दारातच उभा होता, धुतलेला शर्ट घालून. त्यांना पाणीसुद्धा न विचारता तो हाताला धरून मागं घेऊन गेला. "डोळे मीट," म्हणाला. "मीट गं, चाल मी सांगतो तशी." मग आळ्यापाशी थांबून म्हणाला, "आता उघड. कसं?"

तीन विटांच्या आळ्यात एक जोमदार रोपटं उभं होतं. पालवी पोपटी होती.

"मरायला टेकलं होतं, ताई. वरचं सगळं गेलं होतं. तू सांगितलंस तसं कापलं, आणि खालून बघ कसं उसळून आलंय. वाचवलं मी त्याला."

ताईंनी खाली वाकून एक पान तोडलं आणि चुरगळलं. रॉकेलसारखा उग्र वास आला. बुंध्याकडं पाहिलं. गाठ नव्हती. जिथं असायला हवी होती, त्याच्या खाली तिरका सफाईदार काप होता, ब्रश धरणाऱ्या हाताची. खुंट जगला होता. आईचा आंबा गेला होता.

आणि समोर पेंटर उभा होता, दोन पावलं मागं सरून.

एखादीनं टाहो फोडला असता. एखादी मटकन बसली असती, आणि तसंच करायला हवं होतं. ताईंनी ते पान मुठीत दाबलं. त्या म्हणाल्या, "छान. फारच छान आलंय. तू नसतास तर काय झालं असतं रे?"

पेंटरचे डोळे पाणावले. त्यानं त्याच दिवशी डबा उघडला, वाळलेला ब्रश तेलात भिजवला आणि हातभर फळीवर 'लबाड' अशी अक्षरं काढून ती झाडाला टांगली. या वेळी काना-मात्रा अगदी बरोबर होती.

मग वर्षं गेली. झाड अंगापिंडानं असं भरलं की शिंपी म्हणायचा, "ताई, हा घराला खाणार." पेंटरची तब्येत उतरत चालली आणि त्याची आशा चढत चालली. जिना चढताना त्याला धाप लागे. तेवढ्यात तो म्हणे, "एक लबाड खाऊ दे, मग खुशाल ने." भाची भेटायला आली की तिला झाड दाखवी, आणि ताईंकडं बोट करून सांगे, "हिनं जोडलं, मी जगवलं. तुझ्या आजीचा आंबा आहे हा." भाची कौतुकानं मान हलवी. ताई जाईच्या वेलाला सुतळी बांधत उभ्या असत. जाईनं एवढ्या वर्षांत एका काठीवर अखेर मन बसवलं होतं. ती दाट फुलायची आणि ताईंना पाठ वळवायला जागा द्यायची.

सांगायचं त्यांनी अनेकदा ठरवलं. सकाळी ठरवायच्या, चहा होईपर्यंत मोडायचं. आज त्याला धाप लागलीय. आज तो खुशीत आहे. खुशीत असलेल्याला कसं सांगायचं, आणि खुशीत नसलेल्याला तर कसं? असं करता करता एका वर्षी झाडाला मोहोर आला आणि मोहोरावर मोहरीएवढे दाणे धरले. पेंटर दुपारचा झोपला असताना ताईंनी स्टूल लावलं, दुखऱ्या खुब्यानं त्यावर चढल्या आणि एकेक तुरा बोटांत धरून खुडला. खुडलेलं सगळं केळीच्या मुळाशी पुरलं. संध्याकाळी पेंटरनं वर पाहिलं.

"गळ झाली," ताई म्हणाल्या.

पेंटरचा चेहरा उतरला. पण लगेच तोच ताईंच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "तू मनाला लावून घेऊ नकोस. पहिल्या वर्षी असं होतंच. पुढच्या साली बघ." तेव्हा ताईंना आत जावं लागलं. कुणालाही न दिसता रडायची जागा त्या घरात न्हाणीघर हीच होती. नळ सोडून त्या तिथं बराच वेळ उभ्या राहिल्या.

पुढच्या साली त्यांचा खुबा स्टुलावर चढू देईना. हात पोचतील तेवढं खुडलं. वरचं राहिलं.

फळ पेंटरलाच दिसलं. माडीच्या खिडकीत औषध घेऊन बसला होता, तिथून. पानांच्या आत, एकटंच. त्यानं ताईंना हाक मारली नाही. ती कित्येक आठवड्यांची गंमत त्यानं आपल्याशीच ठेवली, बहिणीला चकित करायचं म्हणून. रोज खिडकीतून पाही. आणि एका सकाळी तो खाली आला तेव्हा हातात तो आंबा होता. काठीला पिशवी बांधून काढलेला. ताई जाईपाशी होत्या.

"ताई," तो म्हणाला, "हा पिवळा झालाय."

जन्मभर रंग कालवलेला माणूस. त्याला पिवळा शिकवायला नको होता. तो आंबा देखणा होता, लिंबासारखा पिवळा, खांद्यावर गुलाबी झाक. बाजारात कुणीही उचलला असता.

"माती बदलली की रंग बदलतो कधी कधी," ताई म्हणाल्या. आवाज तोच, पलीकडच्याला सगळं ठीक वाटावं असा.

पेंटर पायरीवर बसला, खिशातली सुरी काढली, एक फोड कापून तोंडात टाकली. दातांत रेषा अडकल्या. त्यानं त्या बोटांनी ओढून काढल्या, हळूहळू, एकेक. आंबटानं त्याचा एक डोळा मिटला होता. मग फोड पायरीवर ठेवून त्यानं ताईंकडं पाहिलं.

"तुला कधी कळलं?"

ताईंकडं अजूनही एक वाक्य तयार होतं. पण त्या डोळ्यांसमोर ते उभं राहीना.

"आले त्या दिवशी. पान चुरगळलं तेव्हा."

"त्या दिवशी," पेंटर म्हणाला. तो रागावेल असं ताईंना वाटलं. रागावला असता तर किती बरं झालं असतं. तो नुसता आठवत होता. "त्या दिवशी बोलली का नाहीस गं? ती फांदी मी टाकली नव्हती. रोवताना नख लावून पाहिलं होतं, आत हिरवी होती. म्हटलं, ओली आहे, मोडायची नाही." त्यानं हातातल्या सुरीनं दाखवलं. "जाईला दिली होती आधाराला. तू येण्याच्या आदल्या दिवशी, कापल्या कापल्या."

ताईंनी वळून पाहिलं. त्यांच्या एका हातात सुतळीचं टोक होतं, आणि दुसरं टोक त्या काठीला बांधलेलं होतं.

त्या आल्या त्या दिवशी ती फांदी दारातच उभी होती, कापलेल्या टोकानं ओल्या मातीत, हिरवी. ओलं फडकं घरात होतं. पातं होतं. पट्टीचं भेंडोळं खिडकीतच पडलेलं होतं. कुंड्यांत रोपं होती. "हे काय केलंस रे?" एवढं एक वाक्य बोलल्या असत्या, तर तो घाबरून म्हणाला असता, "अगं, फांदी तिथं आहे." दोघांनी मिळून संध्याकाळच्या आत जोडून टाकली असती. त्याऐवजी त्या म्हणाल्या होत्या, छान. आणि नंतर रोज तिला वेल बांधत, तिच्याजवळ उभं राहून गप्प राहण्याचा सराव केला होता. ती कधी वाळली, तेही त्यांना कळलं नव्हतं.

"मला लागेल म्हणून?" पेंटरनं विचारलं.

ताईंनी होकारार्थी मान हलवली.

"न्हाव्याची पाटीही दिसली होती तुला."

त्यांनी पुन्हा मान हलवली.

पेंटर उठला, सुरी पुसली, आणि वर गेला. झाडावरची फळी त्यानं काढली नाही. ती काढली असती तर निदान काही झालं असतं.

त्यानंतर त्या घरात एक नवीन गोष्ट सुरू झाली. पेंटर ताईंशी पूर्वीसारखाच बोले, चहा हातात दिला की छान झालाय म्हणे. पण ताई काही बोलल्या की तो त्यांच्या चेहऱ्याकडं पाही, दुकानदारानं खोटी वाटणारी नोट उजेडात धरावी तसा. आज थंडी कमी आहे म्हटलं तर खिडकी उघडून हात बाहेर काढी. भाचीचा फोन येऊन गेला, सगळे मजेत आहेत, असं सांगितलं तर थोड्या वेळानं स्वतः फोन लावी. तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी ताईंनाच आत बोलावून सांगितलं, की पूर्वीपेक्षा बरं आहे, औषध लागू पडलंय. खरंच तसं म्हणाले ते. ताई काठी टेकत लगबगीनं बाहेर आल्या, इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा खरं आणि गोड एकाच वाक्यात सापडलं होतं.

"बरं आहे म्हणाले, पेंटर. खूप बरं आहे."

बाकावर बसलेल्या पेंटरनं वर पाहिलं. पाहत राहिला. मग मायेनं हसला, अगदी ताई हसत तसा.

"छान," म्हणाला. "फारच छान."

ताई म्हणाल्या, अरे खरंच, चल आत, त्यांनाच विचार. तो म्हणाला, कशाला, तू सांगतेस ना. त्या दिवसापासून त्यानं खिडकीत बसणं सोडलं आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागला. औषधाच्या गोळ्या ताईंच्या समाधानासाठी हातात घेई आणि उशीखाली ठेवी. ताईंना त्या चादर बदलताना सापडत. त्या पुन्हा डबीत भरत. काय बोलणार? बोललेलं पोचवणारी तार त्यांनी स्वतःच उपटून टाकली होती.

झाड मात्र त्या वर्षापासून लगडू लागलं. पिवळ्या आंब्यांचा सडा पडे. शिंपी टोपली घेऊन येई, चाखून तोंड वाकडं करी आणि म्हणे, "ताई, दिसायला राजा आहे हो."

एका सकाळी ताई बागेत आल्या. ती काठी काढायची, असं त्यांनी ठरवलं होतं. रोज पाहवत नव्हती. जाई सोडवायला त्यांनी सुतळ्या कापायला घेतल्या. काठीला जरा धक्का लागला आणि ती हातात आली, सुटलेला वेल सळसळत खाली बसला. मातीत रोवलेलं टोक वाळवीनं केव्हाच खाऊन टाकलं होतं. खाली काही नव्हतं. एवढे दिवस वेलच तिला धरून उभा होता.

माडीवरून पेंटरचा आवाज आला, "ताई, काय पडलं गं?"

त्यांनी हातातल्या काठीकडं पाहिलं. "जाईची काठी," त्या म्हणाल्या. "आईची. मोडली."

 ताई मान वर करून खिडकीकडं पाहत उभ्या राहिल्या. खिडकी उघडली गेली. पेंटरनं खाली वाकून पाहिलं. ताईंकडं नव्हे, त्यांच्या हातात खरंच काठी आहे का, तिकडं.